दात गेले, विमा नाही: बेळगाव भागात कमी खर्चात उपचार कसे करून घ्यावेत

माझी आई लहानपणापासून मिसरी लावायची. खानापूर-निपाणी पट्ट्यात तिच्या पिढीतल्या बायकांना त्यात काही वावगं वाटत नसे. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांवर घासायची. पन्नाशीत तिच्या खालच्या पटाशीच्या दातांची मुळं उघडी पडली. एक दात पडला तेव्हा आम्हाला न सांगता आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाकडून तिनं नवा "बसवून" घेतला. त्यानं गुलाबी मसाला कालवला, थेट हिरडीवर लिंपला आणि शेजारच्या दोन चांगल्या दातांना चिकटवून दिला. ना तो काढता यायचा, ना त्याच्याखाली ब्रश जायचा. काही महिन्यांतच आत अन्न कुजून हिरडी सुजली आणि शेजारचे दोन्ही दात गेले. तो स्वस्त दात आम्हाला जेवढा महागात पडला, तेवढं दुसरं काहीच पडलं नाही.

त्यानंतर तिला घेऊन मी ज्या पायऱ्या चढले, त्या इथं लिहिते आहे. आरोग्य विमा असला तरी त्यात दातांचं नेहमीचं काम सहसा बसत नाही. अपघातात दात गेले तरच काही मिळतं. तेव्हा विमा नाही म्हणून हातपाय गाळण्याचं कारण नाही.

पहिली पायरी: कामाचा क्रम लावा

खर्च वाढतो तो बहुतेकदा क्रम चुकल्यामुळे. घरात लग्न आलं की लोक पुढची फट बुजवायला धावतात आणि मागं किडलेली दाढ तशीच राहते. आधी पू आणि दुखणं थांबवायचं. मग जे दात वाचू शकतात ते वाचवायचे, म्हणजे साफसफाई, सिमेंट, गरज असेल तिथं रूट कॅनॉल. रिकाम्या जागेचा विचार सगळ्यात शेवटी. कीड लहान असताना सिमेंट भरून घ्यायला फार पैसे लागत नाहीत. तीच नसेपर्यंत पोचली की रूट कॅनॉल आणि कॅप, आणि तेही टाळलं की दात काढणं आणि नवा बसवणं. म्हणजे थांबलेला प्रत्येक महिना खिशातून जातो.

मेडिकलमधून गोळ्या आणून दुखणं दाबू नका. अँटिबायोटिकनं सूज उतरते, कीड जागेवरच राहते. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशी धरून ठेवण्याची सवय तर फार वाईट, त्यानं गाल आणि हिरडी भाजते. सूज जबड्याखाली पसरली, तोंड उघडेना, गिळताना त्रास होतोय, ताप आहे, असं असेल तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जा. तिथं पैशाचा विचार करायचा नाही.

दुसरी पायरी: डेंटल कॉलेज गाठा

आपल्या जिल्ह्याचं नशीब असं की बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. नेहरूनगरला केएलईचं आणि बॉक्साइट रोडला मराठा मंडळाचं. शिवाय सिव्हिलमध्येही दातांचा विभाग आहे. कॉलेजात शिकणारे डॉक्टर काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासतात. खासगी दवाखान्याच्या मानानं खर्च बराच कमी येतो. मोबदल्यात वेळ द्यावा लागतो: जे काम बाहेर दोन खेपांत उरकतं, त्याला इथं चार-पाच खेपा लागतात.

खेपांचा हिशेब आधीच मांडा. बायकांना जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही, कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार जवळ ठेवायचं. आम्ही दोघी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचो, ओपीडी उघडायच्या आत रांगेत असायचो. रोजंदारीवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारावं: एकूण किती खेपा, आणि दोन कामं एकाच दिवशी होतील का. बहुतेक वेळा होतात, फक्त विचारावं लागतं.

शिकणारी मुलं बऱ्याचदा बाहेरच्या राज्यांतली असतात, मराठी येईलच असं नाही. म्हणून शुगर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ झाल्याची औषधं, हे सगळं सांगत बसण्यापेक्षा गोळ्यांची पाकिटंच पिशवीतून न्या. दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

तिसरी पायरी: दंतभाग्यची चौकशी करा

बीपीएल रेशनकार्ड असलेल्या ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी दंतभाग्य ही कर्नाटक सरकारची योजना आहे. तालुका दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांकडे आणि कॉलेजच्या चौकशी खिडकीवर तिचं नाव घेऊन विचारा. वयाची अट काय, कागद कोणते, हे तिथंच लिहून घ्या. रेशनकार्ड, आधार आणि दोन फोटो बरोबर असू द्या. अर्ज कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या. नुसत्या अंदाजानं सही करू नका.

चंदगडकडून बेळगावला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, महाराष्ट्राचं रेशनकार्ड या योजनेला चालणार नाही. उलट कर्नाटकाकडच्या सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, ती मोठ्या, दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. कवळीसाठी तिच्यावर विसंबून राहू नका.

चौथी पायरी: काय बसवायचं ते ठरवा

काढ-घाल करायची कवळी सगळ्यात स्वस्त. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं पक्का बसवलेला दात, घट्ट बसतो, पण त्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात. इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेल्या दाताला, हाड चांगलं लागतं, शुगर ताब्यात लागते, आणि बिडी-तंबाखू चालू असेल तर तो टिकायची खात्री कमी. खासगीत एकाच इम्प्लांटला 20,000 रुपयांच्या पुढं मोजावे लागतात. कर्ज काढून इम्प्लांट करण्याआधी एकदा कवळी वापरून बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक फट भरलीच पाहिजे असंही नाही. अगदी शेवटची दाढ गेली आणि चावायला बाकीच्या पुरताहेत, तर डॉक्टरांना विचारून तशीच ठेवता येते. मधली दाढ गेली तर मात्र शेजारचे दात त्या फटीकडं कलतात, समोरचा दात लांबतो. ती जागा भरून घ्यावी. खर्चाचा आकडा कागदावर मागा. कॅप, एक्स-रे, नंतरची तपासणी धरून किती, असं विचारलं की पुढं वाद होत नाहीत.

पाचवी पायरी: दात काढल्यावर आणि कवळी आल्यावर

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास चावून धरा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, बिडी-मिसरी अजिबात नाही, नाहीतर खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून येते आणि त्याच्यासारखं दुखणं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा.

पूर्ण कवळीसाठी हिरडी भरून यायला दोन-तीन महिने थांबावं लागतं. मग माप, पुन्हा नीट माप, चाव्याचं माप, मेणात दात लावून बघणं, आणि शेवटी कवळी हातात. मेणातल्या खेपेला घरातलं कुणीतरी बरोबर असावंच. दात फार पुढं दिसतात का, ओठ मिटतात का, हे तेव्हाच सांगायचं. एकदा पक्की झाली की बदलणं अवघड. आईनं त्या दिवशी आरसा खिडकीजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे दात फार पांढरे, माझे नव्हेत." डॉक्टर मुलीनं थोड्या पिवळसर रंगाचे दात लावून दिले.

सुरुवातीला आमटी-भात, मऊ पोळी. घास बारीक करून दोन्ही बाजूंनी चावायचा. खालची कवळी वरच्यापेक्षा सैलच वाटते, तिथं धरायला जागाच कमी असते. आई पेपर मोठ्यानं वाचायची, पंधरा दिवसांत "स" म्हणताना येणारी शिट्टी गेली. भाकरी खायला तिला दोन महिने लागले, तीही आमटीत बुडवून. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. धुताना खाली पाण्याची बादली किंवा टॉवेल ठेवा, फरशीवर पडली की दोन तुकडे ठरलेले. उकळतं पाणी वापरू नका, ती वाकडी होते. तुटली तर फेव्हिक्विक लावू नका, तुकडे घेऊन कॉलेजात जा. दात एकही नसला तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या. मिसरी, मावा खाणाऱ्यांनी तर नक्कीच. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर वर्षाची वाट बघू नका.

कवळी टोचते म्हणून ती डब्यात टाकून देणारे खूप. टोचत असेल तर दाखवायला जायच्या आदल्या दिवशी ती मुद्दाम घाला. हिरडीवर लाल व्रण उमटलेला असला की नेमकं कुठं घासायचं ते डॉक्टरांना दिसतं. आईची तीनदा घासावी लागली. चौथ्या वेळी जायची गरज पडली नाही.