पगाराचा महिना ४५ दिवसांचा

नोकरी लागली की एकटं राहायचं, खोली करायची, डबा स्वतः करायचा, हे सगळ्यांना कळतं. मिठाचा पुडा किती दिवस जातो ते शिकवायला मी बसले नाही. मी ज्या खड्ड्यात, म्हणजे किराण्याच्या उधारीच्या वहीत, पडले आणि वर्षभर त्यातच बसून राहिले, तो तेवढा दाखवते.

माझं गाव दारव्ह्याकडचं, शाळा मिळाली पांढरकवड्याच्या पलीकडे. यवतमाळ जिल्हा एकच, पण टोकं दोन. शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला ठरावीक मानधनावरची शिक्षिका, म्हणून रुजू झाले २०२४ मध्ये. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, म्हणजे नेमक्या पेरणीच्या तोंडावर. घरात बियाणं, खत, डवरणीचा खर्च उभा. तरी बाबांनी १०,००० हातावर ठेवले. खोली १,८०० ची, एक महिन्याचं डिपॉझिट, म्हणजे पहिल्याच दिवशी ३,६०० गेले. गादी, बादली, शेगडी, दोन पातेली यांत आणखी ३,९००. उरले २,५००. मानधन १६,००० आहे, महिना संपला की येईलच, असा माझा हिशेब.

मानधन आलं दिवाळीच्या तोंडावर. कुठला कागद कुठे अडकला होता ते मला आजही सांगता येणार नाही. पहिला पगार उशिराच येतो, हे आधीच्या बॅचच्या कोणीही मला सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा सगळे हसून म्हणाले, "आमचंही तसंच झालं होतं." म्हणून मी आत्ताच सांगते: नवी नोकरी सरकारी असो, संस्थेची असो की कंत्राटी, तीन महिने पगार नाही असं धरूनच घर सोडा. तेवढे पैसे जवळ नसतील तर खोली एकटीने करू नका, कोणासोबत तरी करा. पहिल्या तीन महिन्यांत मोकळेपणा हवाच कशाला?

आता मुख्य गोष्ट. बाराव्या दिवशी किराणा घ्यायला गेले तर पाकिटात दोनशे रुपये. दुकानवाल्या काकांनी माझा चेहरा वाचला. म्हणाले, "काऊन टेन्शन घेता मॅडम? लिहून घेतो नं वहीत. पगार कुठी पळून चाल्ला?" लाल पुठ्ठ्याची छोटी वही. पहिल्या पानावर माझं नावसुद्धा नाही, नुसतं 'मॅडम (नवीन)'.

त्या माणसाने मला उपाशी राहू दिलं नाही, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण वहीचा गुण असा की ती भाव विचारू देत नाही. रोख पैसे द्यायचे असते तर तूरडाळीचा दर ऐकून मी अर्धा किलो घेतली असती. उधारीवर दर विचारायची लाज वाटते. उधार तर घेतेस, वर घासाघीस करतेस? म्हणून एक किलो. शाम्पूच्या पुडीऐवजी बाटली. १५ ऑगस्टला लेकरांसाठी गोळ्या-बिस्किटं, तीही माझ्याच खात्यावर. ऑफिसातल्या चहाची साखर कधी माझ्या पानावर चढली ते मला कळलंही नाही. आणि महिन्याचा हिशेब लिहायला बसले की किराण्यापुढे शून्य, कारण खिशातून काही गेलंच नव्हतं ना!

दिवाळीला तीन महिन्यांचे ४८,००० एकदम आले. इतके पैसे मी एकत्र कधी पाहिले नव्हते. २०,००० घरी दिले, कापूस वेचणीची मजुरी द्यायची होती. त्याचं मला वाईट वाटत नाही. ५,४०० थकलेलं भाडं. ४,५०० चे कपडे, आईला लुगडं. आणि १२,००० चा मोबाईल, याचं मात्र अजून वाटतं. वहीत तेव्हा ९,६४० होते. त्यातले मी फक्त ५,००० दिले. "बाकी पुढच्या पगाराला." काका म्हणाले, "चालते नं."

चुकले ती इथे. पैसे हातात असताना वही बंद केली नाही. पुढचे पाच महिने मी दर पगाराला ५,००० भरत होते आणि सव्वासहा-साडेसहा हजारांचं उचलत होते. एकटीला साडेसहा हजारांचा किराणा! मार्चअखेर वहीत ११,३०० झाले. म्हणजे पगार आला की तो मागच्या महिन्याचा, चालू महिना परत वहीवर.

मग एका रविवारी वही घरी आणली आणि पानं लावली. पगार आला त्या तारखा बाजूला लिहिल्या. कधी २ तारीख, कधी १७. एकदा दोन पगारांमध्ये ४५ दिवस गेले. आणि मी हिशेब करत होते ३० दिवसांचा. मोबाईल रिचार्जचा महिना २८ दिवसांचा, त्यामुळे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. आठवडी बाजार कधी चारदा, कधी पाचदा. प्रत्येकाचा महिना वेगळा आणि सगळे माझ्या एकाच पगारातून जगतात. कॅलेंडरचं पान सोडा. पगार ते पगार मोजा, आणि तेही सगळ्यात लांबलेला पगार धरून.

वही मी एका झटक्यात बंद केली नाही, जमलंच नसतं. काकांना सरळ सांगितलं, जुन्याचे दर महिन्याला २,००० देईन, नवीन लिहू नका. ते जरा नाराज झाले, पण ऐकलं. तूरडाळ, तेल, फल्लीदाणे मी बाजाराच्या दिवशी रोख घ्यायला लागले. आलू, वांगे, सांभार (कोथिंबीर) तर तिथे रोखीनेच मिळतात. किराणा २,८०० वर आला. भाजी हजारात, दूध ४५०, लाईट-गॅस मिळून सातशे, महिन्यातून दोनदा घरी जाणं आठशेत, कारण एसटीत आपल्या बायकांना अर्धं तिकीट. खोली आणि रिचार्ज धरून आठ हजारांच्या आत. घरी ३,००० पाठवते. वही संपली २०२५ च्या महालक्ष्म्या (गौरी) उठल्या त्या आठवड्यात. सहा महिने लागले. तुमची वही फुगली असेल तर घाबरू नका, ती खाली येते, फक्त फार हळू.

सल्ले देणारे भेटतील. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्याने तुम्हाला १६,००० मध्ये बचत शिकवली तर चहा घ्या आणि उठा. आमच्या एका सरांनी पहिल्याच पगाराला गाडी हप्त्यावर घ्यायला सांगितली. एका मॅडमचे मिस्टर विमा एजंट निघाले. पोस्टाची आरडी चांगली आहे, शंभर रुपयांपासून होते, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. पहिल्या वर्षी तिच्यात पैसे अडकवू नका. आधी साध्या बचत खात्यात एका बिनपगारी महिन्याचे, माझ्यासाठी ८,०००, साठवा आणि त्यांना हात लावू नका. मोबाईलमधली खर्चाची ॲप्स मी तीन वापरून पाहिली, तिन्ही आठवडाभरात सुटली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिते, ते टिकलं.

मुलींनो, पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करासाठी पैसे बाजूला ठेवू नका. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो २०२३ पासून माफ आहे. मुलांचे मात्र दरमहा २००, फेब्रुवारीत ३०० कापले जातात, ते आधीच वजा करा.

आणि कूलर. एप्रिलमध्ये घ्यायला जाल तर दुकानदार म्हणेल ती किंमत द्याल, कारण त्या रात्री झोपायचं असतं. थंडीतच जुना बघून ठेवा, ताट्या नवीन बसवा. घरमालक युनिटला दहा रुपये लावत असतील तर एप्रिल-मेचं बिल तिप्पट होतं, तेही गुढीपाडव्याच्या आधी बाजूला काढा. मी पहिल्या उन्हाळ्यात ओली चादर अंगावर घेऊन झोपले.