ॲसर्टमुळे अख्खा टेस्ट रनच कोसळायचा, तेव्हा

आमच्या सी प्लस प्लस कोडमध्ये एक रिंग बफर (ठराविक आकाराची, गोल फिरणारी डेटाची रांग) आहे. रिकाम्या बफरमधून डेटा काढायला गेलं की आतला ॲसर्ट (अट खोटी ठरली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी) उडतो, हे मला टेस्टमध्ये तपासायचं होतं. सरळ कॉल केला आणि अख्खा टेस्ट रनर मेला. एक्झिट कोड १३४, पुढच्या सगळ्या टेस्ट चालल्याच नाहीत.

आधी ट्राय-कॅच (फेकलेली एरर, म्हणजे एक्सेप्शन, पकडणारा कोड) लावून बघितलं. अर्थातच काही झालं नाही, कारण ॲसर्ट एक्सेप्शन टाकत नाही, तो अबॉर्ट, म्हणजे प्रोग्राम तिथल्या तिथे बंद करणारं फंक्शन, बोलावतो. अबॉर्टचा सिग्नल ६, त्यात १२८ मिळवले की शेलमध्ये दिसणारे १३४. प्रोसेसच संपते, मग पकडणार कोण?

उपाय गूगल टेस्ट या सी प्लस प्लसच्या टेस्टिंग लायब्ररीतल्या डेथ टेस्टमध्ये मिळाला. ती तो कॉल वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवते आणि ती प्रोसेस मेली का, एरर आउटपुटमध्ये अपेक्षित मजकूर आला का, हे पाहते. मजकूर तपासाच, नाहीतर भलत्याच कारणाने क्रॅश झाला तरी टेस्ट पास होते.

रिलीज बिल्डमध्ये (युजरला दिल्या जाणाऱ्या आवृत्तीत) मात्र तीच टेस्ट फेल! तिथे एनडीबग (ॲसर्ट बंद करणारा मॅक्रो) डिफाइन असल्यामुळे ॲसर्ट कोडमधून गायबच होतो. ती टेस्ट आता फक्त डीबग बिल्डमध्ये चालते.

हे करताना आणखी एक ॲसर्ट सापडला, युजरने दिलेल्या फाइलची लांबी तपासणारा. रिलीजमध्ये ती तपासणी होतच नव्हती, आणि मला हे जास्त गंभीर वाटलं. बाहेरून येणारा डेटा चुकीचा असणारच. तिथे ॲसर्ट काढून एरर कोड परत केला, त्याची टेस्ट साध्या तुलनेने होते.