पालिका एक, गावं दोन: नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीचं पत्र हातात पडलं की पालिकेचं नाव वाचून थांबू नका. काम नेमकं कोणत्या गावात आहे, ते लेखी विचारून घ्या. सोग्नेफ्योर्डच्या उत्तरेला सुन्नफ्योर्ड आणि नूरफ्योर्ड हा जो किनारपट्टा आहे, तिथे नवीन माणसाला सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच असते.

शिन पालिकेचंच बघा. (लिहिताना पहिलं अक्षर 'के' असतं, उच्चार मात्र 'शिन'च्या जवळचा. 'किन' म्हणालात तरी समजून घेतात.) १ जानेवारी २०२० रोजी फ्लोरा आणि व्होग्सॉय या दोन पालिका एकत्र करून ती झाली. फ्लोराचं मुख्य गाव फ्लोरो, व्होग्सॉयचं मोलॉय. या दोन भागांची जमीन एकमेकींना लागून नाही, मध्ये ब्रेमांगर ही वेगळी पालिका पसरलेली आहे. फ्लोरोहून मोलॉयला रस्त्याने निघालात तर ब्रेमांगरमधून, वाटेत फेरी घेऊन, दोन तासांहून बराच जास्त वेळ लागतो. वेगबोट तासाभरात नेते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि वादळी दिवशी त्याही रद्द होतात. म्हणजे वृद्धाश्रमातली नोकरी मोलॉयला आणि भाड्याचं घर फ्लोरोला, हे गणित कागदावर एकाच पालिकेतलं असलं तरी रोजच्या आयुष्यात जमत नाही.

सुन्नफ्योर्ड पालिकेची गोष्ट सोपी आहे. फोर्दे, नाउस्दाल, गाउलर आणि योल्स्टर या चार पालिकांची ती एक झाली, आणि चारही रस्त्याने नीट जोडलेल्या आहेत. फोर्देहून नाउस्दाल बोगद्यातून दहाएक किलोमीटर, गाउलरमधलं सांदे वीसेक, योल्स्टरमधलं श्केई चाळीसेक. स्वतःची गाडी असेल तर फोर्देत काम आणि सांदेत स्वस्त घर हा चांगला पर्याय आहे. गाडी नसेल तर फोर्देतच राहा. तिसरी पालिका स्ताद. ती एइद आणि सेल्ये मिळून झाली, मुख्य गाव नूरफ्योर्डएइद. व्होग्सॉयमधला ब्रिग्या हा भागही शिनऐवजी स्तादला गेला. नूरफ्योर्डमधली होर्निंदाल ही पालिका तर थेट शेजारच्या जिल्ह्यातल्या व्होल्डाला जाऊन मिळाली.

हे सगळं एकाच दिवशी झालं. त्या दिवशी देशातल्या पालिका ४२२ वरून ३५६ झाल्या, आणि सोन ओ फ्योर्दाने व होर्डालांड हे दोन जिल्हे मिळून वेस्तलांड झाला. इथल्या लोकांना विलीनीकरण नवीन नाही. फ्लोरा आणि व्होग्सॉय याही १९६४ मध्ये आणखी लहान पालिका जोडूनच तयार झाल्या होत्या, आणि त्या लहानांपैकी एकीचं नाव शिन हेच होतं. त्यामुळे बोलण्यात, फुटबॉल क्लबांच्या नावांत आणि जुन्या पाट्यांवर तीन-तीन पिढ्यांची नावं सापडतात. गोंधळ टाळायचा तर पत्ता पिनकोडावरून ओळखा: ६९०० फ्लोरो, ६७०० मोलॉय, ६८०० फोर्दे, ६७७० नूरफ्योर्डएइद, ६७४० सेल्ये. सांदे नावाची गावं नॉर्वेत अनेक आहेत, म्हणून पार्सलवर '६९७३ सांदे इ सुन्नफ्योर्ड' असं पूर्ण लिहा.

पहिल्या आठवड्यांतली कागदपत्रं, याच क्रमाने

भारतीय पासपोर्टवर कामाची किंवा कुटुंबाची परवानगी घेऊन आलात तर आल्यापासून सात दिवसांत पोलिसांकडे नोंदणी करायची असते. भेटीची वेळ भारतातून निघण्याआधीच ऑनलाइन घ्या. लहान ठाण्यांत वेळा कमी असतात आणि उन्हाळ्यात तर मिळतच नाहीत. जवळची वेळ नसेल तर बर्गनचा विचार करा. तिथल्या परदेशी कामगारांच्या सेवा केंद्रात पोलीस आणि कर खातं एकाच छताखाली आहेत. फोर्देहून बर्गन बसने साधारण तीन तास, वाटेत लाविक ते ओप्पेदाल ही फेरी. एकाच खेपेत दोन्ही कामं उरकली तर तिकिटाचे पैसे वसूल होतात.

राहण्याचं कार्ड टपालाने येतं. इथे एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट अनेकांना आठवडे मागे टाकते: टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. घरमालकाच्या नावाखाली आपलं नाव छापून चिकटवा. कुटुंबाची आडनावं वेगळी असतील तर सगळी लिहा.

सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर कर खात्याला स्थलांतर कळवायचं आणि पासपोर्ट घेऊन ओळखतपासणीला स्वतः जायचं. अकरा आकडी जन्मक्रमांक त्यानंतर मिळतो. बँक, बँक-आयडी म्हणजे ऑनलाइन ओळख, फास्टलेगे म्हणजे नेमून दिलेला डॉक्टर, सगळं त्या क्रमांकाला टांगलेलं असतं, म्हणून या भेटीत दिरंगाई नको. करकार्डाचा अर्जही तेव्हाच करा. करकार्ड नसेल तर मालकाला पगारातून ५० टक्के कापावेच लागतात. नव्याने आलेल्या परदेशी कामगाराला पहिल्या वर्षी सहसा २५ टक्क्यांच्या सरळ कर योजनेत घालतात. घरकर्जाचं व्याज किंवा इतर मोठ्या वजावटी असतील तर नेहमीची पद्धत मागून घ्या.

पहिल्या उन्हाळ्याचंही आताच लक्षात ठेवा. सुट्टीतला पगार आदल्या वर्षीच्या कमाईवर ठरतो, किमान १०.२ टक्के. ऑगस्टमध्ये आलात तर पुढच्या जुलैत सुट्टी पूर्ण, पैसे मात्र पाच महिन्यांच्या कमाईपुरतेच. भारताचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

पुस्तकातली नॉर्वेजियन आणि पालिकेचं पत्र

ॲपवर किंवा पुण्या-मुंबईच्या वर्गात शिकलात ती बोकमोल, नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एक. या पट्ट्यातल्या पालिका आणि शाळा लिहितात ते दुसरं, नीनोर्स्क. व्याकरण जवळचं आहे, पण रोजचे शब्दच वेगळे असल्याने पहिलं पत्र वाचताना घाम फुटतो. 'मी' म्हणजे 'याय' नव्हे, 'एग'. 'नाही' म्हणजे 'इक्के' नव्हे, 'इक्ये'. 'काय'ला 'व्हा' नाही, 'क्वा'. आठवडा 'ऊके' नसून 'वेके', रुग्णालय 'स्यूकेहुस' नसून 'श्यूकेहुस'. असे तीसेक शब्द फ्रिजवर लिहून लावले की पत्रं वाचता येतात. बोलताना लोक आपापली बोली बोलतात, ती पुस्तकासारखी नसतेच. बोलायला तुमची बोकमोल चालते, ती बदलायचा आटापिटा करू नका. मुलं मात्र शाळेत नीनोर्स्क लिहितील. त्यांच्या गृहपाठात बोकमोलच्या 'दुरुस्त्या' घालू नका.

पालिका एक असली तरी सगळी खाती मुख्य गावातच गेलेली नाहीत. फोन करून कोणत्या इमारतीत यायचं ते विचारा. कचऱ्याचं तर फ्लोरोच्या भागात एक आंतर-पालिका कंपनी, मोलॉयच्या भागात दुसरी. घर बदललंत की कचऱ्याचं वेळापत्रक नव्याने उतरवून घ्या. स्थानिक वृत्तपत्रंही अजून जुन्या सीमांवरच चालतात: फ्लोरोत 'फिर्दापोस्तेन', मोलॉयला 'फ्योर्देनेस तिदेंदे', फोर्देत 'फिर्दा'. भाड्याची घरं ऑनलाइन शोधताना फेसबुकवरचे गावागावाचे गटही बघा. लहान गावात बरीच घरं जाहिरात न होताच जातात, म्हणून कामावरच्या सहकाऱ्यांना सरळ विचारणं सगळ्यांत फलदायी.

घर, वीज, पाऊस

अनामत कायद्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या भाड्याइतकी असते, बहुधा तीन महिन्यांची मागतात. ती तुमच्या नावाच्या वेगळ्या अनामत खात्यात बँकेतच जमा झाली पाहिजे. मालकाच्या खात्यावर किंवा रोख देऊ नका, कितीही सज्जन वाटला तरी. तळघरातला फ्लॅट घेत असाल तर भिंतींचे खालचे कोपरे हाताने चाचपा. ओल असेल तर वास येण्याआधी तिथे गारवा लागतो.

विजेची दोन बिलं येतात, एक वीज विकणाऱ्याचं आणि एक तारांच्या कंपनीचं. किमतीच्या नकाशात हा भाग एनओ-३ पट्ट्यात येतो आणि तिथली वीज बर्गनच्या पट्ट्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून 'नॉर्गेसप्रिस' नावाचा स्थिर दर घेता येतो, युनिटला ४० ओरे (शंभर ओरे म्हणजे एक क्रोनर) आणि वर मूल्यवर्धित कर. दक्षिणेत तो फायद्याचा, इथे घाईने घेऊ नका. आधी वर्षभराचे बाजारभाव बघा. खरी बचत उष्णता पंप असलेलं घर शोधण्यात आहे. नुसते भिंतीवरचे हीटर असतील तर जानेवारीचं बिल डोळे पांढरे करतं.

वर्षाला इथे दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. आकडा कोकणवाल्याला नवा नाही, फरक एवढाच की तो चार महिन्यांत संपत नाही. छत्री वाऱ्यात उलटते, ती आणूच नका. रबरी रेनकोट आणि पँट, आत लोकरीचं, बस. किनाऱ्यावर थंडीत तापमान शून्याच्या आसपास रेंगाळतं आणि तेच धोक्याचं: दिवसा ओला झालेला रस्ता रात्री काच होतो. बुटांना लावायचे काटे, म्हणजे 'ब्रोडर', आणि कपड्यांना चमकणारी पट्टी नोव्हेंबरच्या आधी घ्या. डिसेंबरात उजेड जेमतेम साडेपाच-सहा तास असतो.

गाडी, बस, बोट

बसचं वेळापत्रक बघताना तळटीप वाचा. गावांकडच्या कितीतरी फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी असतात. मे महिन्यात घर पसंत केलं, जूनच्या उत्तरार्धात शाळा बंद झाल्या आणि बसही, असं होतं. वेस्तलांडच्या बसची आणि वेगबोटीची तिकिटं 'स्किस' या वाहतूक सेवेच्या ॲपवर मिळतात. काही वाड्यांना आदल्या दिवशी नोंदवून बोलवायची गाडी असते.

भारतीय परवाना इथे तीन महिनेच चालतो. तो बदलून मिळत नाही, नॉर्वेजियन परवाना मुळापासून काढावा लागतो. लेखी परीक्षेत ४५ पैकी ३८ उत्तरं बरोबर हवीत, ती इंग्रजीतही देता येते. पंचविशी ओलांडली असेल तर प्राथमिक अभ्यासक्रमातला प्रथमोपचार आणि अंधारातलं वाहन चालवणं एवढंच सक्तीचं. अंधाराचा भाग १ नोव्हेंबर ते १५ मार्च याच काळात होतो. उन्हाळ्यात परीक्षा पास झालात तर तात्पुरता परवाना मिळतो आणि वर्षअखेरीपर्यंत तो भाग पुरा करावा लागतो. हे विसरणाऱ्यांचा परवाना १ जानेवारीला बाद होतो. त्याशिवाय घसरड्या ट्रॅकवरचा सक्तीचा धडा असतो, त्याची तारीख लवकर धरा.

हिवाळ्यात टायरची नक्षी किमान ३ मिलिमीटर हवी. खिळ्यांचे टायर १ नोव्हेंबरपासून ईस्टरच्या सोमवारनंतरच्या रविवारपर्यंत चालतात. फेरीसाठी ऑटोपासची, म्हणजे टोलची, चकती आणि त्याला जोडलेलं फेरीकार्ड करा, छोट्या गाडीला निम्मी सूट मिळते. नुसती चकती असून कार्ड नसेल तर ही निम्मी सूट मिळत नाही.

डॉक्टर आणि मुलं

जन्मक्रमांक आला की फास्टलेगे निवडा. वर्षातून दोनदा बदलता येतो. गावातल्या याद्या भरलेल्या असतील तर प्रतीक्षायादीत नाव घाला आणि तोवर शेजारच्या गावातला डॉक्टर घ्या. डॉक्टरकडे वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं, तेवढ्यासाठी चाळीस किलोमीटर चालतात. रात्री-अपरात्री आधी ११६११७ ला फोन, जिवावरचं असेल तर ११३. मोठं रुग्णालय फोर्देत आहे, छोटं नूरफ्योर्डएइदला. बाळंतपण फोर्देत, पण नूरफ्योर्डहून २०१२ मध्ये झालेल्या नव्या रस्त्याने व्होल्डाही जवळ आलं आहे, कुठे जायचं ते तुम्ही सांगू शकता. रुग्णालय दीड तासाहून लांब असेल तर प्रवासात सुईण सोबत मिळते. ती आधीच ठरवून घ्यायची. तपासणीच्या प्रवासाचा खर्च परत मिळतो, अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. चौकशीचा क्रमांक ०५५१५.

बालवाडीसाठी मुख्य अर्जाची तारीख बहुतेक ठिकाणी १ मार्च. नोव्हेंबरअखेर वर्षाचं होणाऱ्या मुलाला वेळेत अर्ज केल्यास जागेचा हक्क असतो. पण ती जागा पालिकेत कुठेही मिळू शकते, म्हणून पसंतीक्रमात गावाचं नाव नीट बघा. ऑगस्ट २०२५ पासून महिन्याची कमाल फी १२०० क्रोनर आहे, सर्वांत दुर्गम पालिकांत ७००. मुलांना पावसातही बाहेर खेळवतात. प्रत्येक मोज्यावर नाव आणि कपड्यांचे दोन जादा जोड, एवढी तयारी ठेवा.

ओळखी वाढवायच्या तर 'दुग्नाद', म्हणजे आपलं श्रमदान. फुटबॉल क्लबाच्या स्टॉलवर वॉफल भाजायची पाळी आली तर नाही म्हणू नका. निमंत्रणाची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल.

तीन वर्षं सलग नोंदणीकृत राहिलात की पालिका निवडणुकीत मत देता येतं, नागरिकत्व लागत नाही. पुढची निवडणूक २०२७ च्या सप्टेंबरात आहे. मोलॉयची कोणती शाळा राहील, सांदेतलं कार्यालय आठवड्यातून किती दिवस उघडं असेल, हे सगळं पालिका सभेत ठरतं. सभेची कागदपत्रं पालिकेच्या संकेतस्थळावर आधीच ठेवतात आणि सभा सगळ्यांना खुली असते.