सूर्य आणि चंद्र यांची आकाशातील स्थाने जुळवताना होणाऱ्या या चुका टाळा

चंद्र अपेक्षित वेळी किंवा अपेक्षित जागी दिसला नाही, की आकाशनिरीक्षणाला नव्याने सुरुवात केलेल्यांना आपल्या नकाशात किंवा ॲपमध्ये काहीतरी बिघाड आहे असे वाटते. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. आपण चंद्राचा विचार एकट्याने करतो आणि सूर्य त्या क्षणी कुठे आहे हे विचारायचे विसरतो. चंद्राची कला किती असेल, तो केव्हा उगवेल आणि केव्हा डोक्यावर येईल, हे सारे मुख्यतः एका मापावरून ठरते, ते म्हणजे सूर्यापासून चंद्र पूर्वेकडे किती अंश दूर आहे. तिथी हेदेखील याच अंतराचे माप असून दर १२ अंशांना एक तिथी पूर्ण होते.

कलांचे कारण पृथ्वीची सावली समजणे

ही चूक इतकी खोलवर रुजलेली आहे की तिच्यावर थोडे थांबायला हवे. चंद्राचा जो भाग दिसत नाही त्यावर पृथ्वीची सावली पडली आहे, असे अनेक सुशिक्षित माणसेही निःशंकपणे सांगतात. सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे १८० अंशांवर पडते. वद्य अष्टमीच्या आसपास सूर्योदयानंतर पाहिले, तर पूर्वेला सूर्य आणि आकाशाच्या पश्चिम भागात अर्धा चंद्र असे दोघेही क्षितिजाच्या वर असतात, आणि पृथ्वीची सावली मात्र त्या वेळी क्षितिजाच्या खाली गेलेली असते. मग ती चंद्रावर पडणार कशी?

खात्री करून घ्यायची असेल, तर अशाच सकाळी उन्हात उभे राहून एक पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरावा. चेंडूवर प्रकाश आणि अंधार यांची विभागणी चंद्रावर दिसते तशीच दिसते, कारण दोघांवर एकाच दिशेने ऊन पडते आणि दोघांकडे आपण एकाच दिशेने पाहतो. कला समजावून सांगण्याचा याहून सरळ प्रयोग मला माहीत नाही.

चंद्राला रात्रीपुरता मर्यादित ठेवणे

पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. म्हणून चंद्र सूर्याच्या पूर्वेला ९० अंशांवर असेल, तर तो सूर्याच्या सुमारे सहा तास मागून उगवतो आणि तितकाच मागून मावळतो, म्हणजेच तो दुपारी उगवून मध्यरात्री मावळतो. अंतर १८० अंश झाले की पौर्णिमा येते आणि चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. २७० अंशांवर तो मध्यरात्री उगवून दुपारी मावळतो. अमावास्येला तो सूर्याबरोबरच दिवसभर आकाशात असतो, फक्त दिसत नाही.

हा हिशेब लक्षात असला की मध्यरात्रीच्या आकाशात डोक्यावर बारीक कोर दाखवणारे चित्र लगेच खटकते. सूर्यापासून ३० अंशांवर असलेली कोर सूर्यास्तानंतर सुमारे दोन तासांत मावळणारच. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये तारा काढणेही तितकेच चुकीचे आहे, कारण तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो.

‘रोज ५० मिनिटे उशिरा’ हा नियम ताणणे

चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात रोज सरासरी १३.२ अंश पूर्वेकडे सरकतो आणि सूर्य सुमारे १ अंश सरकतो. दोघांमधील अंतर रोज १२.२ अंशांनी वाढते आणि त्यातून चंद्रोदयाला सुमारे ५० मिनिटांचा उशीर होतो. ही सरासरी आहे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याचा वेग कमी-जास्त होतो, आणि त्याच्या मार्गाने क्षितिजाशी केलेला कोनही बदलत राहतो. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा फरक ठळक होतो. याच वेगबदलामुळे एक तिथी नेमकी २४ तासांची नसते, ती साधारण १९ ते २६ तासांची असू शकते.

वद्य अष्टमीच्या सुमारास दिनदर्शिकेत एखाद्या तारखेसमोर चंद्रोदयाची वेळच छापलेली नसते. ती छपाईची चूक नव्हे. आदल्या रात्री बाराच्या थोडे आधी उगवलेला चंद्र पुढच्या खेपेला बारा वाजून गेल्यावर उगवतो आणि मधली एक तारीख चंद्रोदयाविना जाते.

सूर्याचाच मार्ग चंद्राचा मार्ग मानणे

चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी, म्हणजे क्रांतिवृत्ताशी, सुमारे ५.१ अंशांचा कोन करते. हे दोन्ही मार्ग जिथे छेदतात त्या दोन बिंदूंना राहू आणि केतू म्हणतात. सूर्य आणि चंद्र यांची बिंबे प्रत्येकी सुमारे अर्ध्या अंशाचीच असल्यामुळे, ती या बिंदूंच्या जवळ नसताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली, तर ग्रहण होत नाही.

अधिक फसवी गोष्ट उंचीची आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाच्या) उत्तरेला असताना तो दक्षिणेला असतो आणि सूर्य दक्षिणेला गेला की तो उत्तरेला येतो. सूर्य जिथून उगवला त्याच जागी संध्याकाळी पूर्णचंद्राची वाट पाहणारा छायाचित्रकार त्यामुळे वर्षाचा बराच काळ चुकीच्या दिशेला कॅमेरा लावून बसतो.

प्रकाशित बाजूची दिशा

‘उजवी बाजू उजळ म्हणजे शुक्ल पक्ष’ हा नियम उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण भागात चालतो, पण दक्षिण गोलार्धात उलटतो आणि विषुववृत्ताजवळ कोर होडीसारखी आडवी दिसते. कुठेही टिकणारा नियम एवढाच की उजळ बाजू सूर्याकडे असते. तरीही दुपारी उशिरा अर्ध्या चंद्राकडे पाहिले, तर त्याची उजळ बाजू सूर्याच्या बरीच वर रोखलेली भासते आणि निरीक्षक गोंधळतो. आकाशातील लांब अंतर आपली नजर सरळ रेषेत मोजत नाही, हे त्याचे कारण आहे. सूर्य एखाद्या भिंतीआड ठेवून डोळ्यांसमोर एक दोरा ताणावा आणि तो चंद्राच्या उजळ बाजूपासून सूर्याच्या दिशेपर्यंत न्यावा. दोरा थेट सूर्याकडेच जातो. हे करताना सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही पाहू नये.

अंतर डोळ्यांनी ठरवणे

चंद्र ‘बरोबर अर्धा’ केव्हा झाला हे नजरेने सांगणे फार अवघड असते. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सेमॉस बेटावरील ग्रीक खगोलशास्त्रज्ञ ॲरिस्टार्कसने त्या क्षणी सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोन ८७ अंश धरला आणि सूर्य चंद्राच्या सुमारे १९ पट दूर असल्याचे काढले. तो कोन प्रत्यक्षात ८९.८५ अंशांच्या जवळ आहे आणि सूर्य सुमारे ३९० पट दूर आहे. पद्धत निर्दोष होती, पण जवळपास तीन अंशांच्या फरकाने सारे उत्तर बदलले, आणि तीन अंश म्हणजे चंद्राच्या चालीचे जेमतेम सहा तास.

नवशिक्याला इतक्या अचूकतेची गरज नसते. हात ताठ पुढे धरल्यावर बंद मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. सूर्यास्तानंतर लगेच सूर्य मावळला त्या जागेपासून चंद्रापर्यंत मुठी मोजाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजाव्यात. अंतर एका मुठीपेक्षा किंचित जास्त वाढलेले आढळेल.