स्पिन फिल्टर लावताना: खाली गळलेलं फेकू नका

स्पिन फिल्टर म्हणजे तळाशी बारीक छिद्रांचं पटल असलेली नळी. ती सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवली की पाणी पटलातून खालच्या नळीत गळतं आणि प्रथिन वर उरतं. नव्या मुलांना असं प्रथिनाचं द्रावण आटवायला शिकवताना माझा पहिला नियम असतो: खालच्या नळीत गळलेलं द्रावण काम संपेपर्यंत बर्फात ठेवायचं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी चार दिवस खपून मी 28 किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं एकक) एक प्रथिन शुद्ध केलं आणि 30 किलोडाल्टनचा आकडा असलेल्या फिल्टरमध्ये घातलं. तासाभराने वर जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. खालचं मी तोवर सिंकमध्ये ओतून टाकलं होतं. 28 आणि 30 मधला फरक माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. 'जवळपास सारखंच तर आहे' असं मला वाटलं होतं.

फिल्टरवरचा आकडा म्हणजे दाराची उंची नव्हे. त्या वजनाचा चाचणीचा रेणू साधारण 90 टक्के अडतो, एवढाच त्याचा अर्थ. पटलातली छिद्रं लहानमोठी असतात, त्यामुळे काही रेणू निसटतातच. म्हणून प्रथिनाच्या वजनाच्या निम्मा किंवा एक तृतीयांश आकडा निवडा. 28 साठी 10 चा फिल्टर. वेळ जास्त लागेल, लागू द्या. प्रथिन लांबट, सुतासारखं असेल तर आणखी खालचा घ्या. ते टोकाकडून छिद्रात शिरू शकतं.

छिद्र मोठं असलं म्हणजे प्रथिन सहज पार होतं, हाही गैरसमज आहे. गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची त्रिज्या सुमारे 3.5 नॅनोमीटर. समजा 20 नॅनोमीटर व्यासाचं सरळ छिद्र आहे. रेणूचा मध्यबिंदू भिंतीला टेकू शकत नाही, त्यामुळे छिद्राचं जेमतेम 42 टक्के क्षेत्रफळ त्याच्या वाट्याला येतं. शिवाय भिंतीजवळच्या पाण्याचा अडथळा असतो. दोन्ही धरून हिशेब केला, तर अल्ब्युमिनचं विसरण, म्हणजे आपोआप पसरणं, मोकळ्या पाण्यातल्या वेगाच्या साधारण 15 टक्क्यांवर येतं. 1.9 नॅनोमीटर त्रिज्येच्या लायसोझाइम या लहान प्रथिनाचं मात्र 40 टक्के टिकतं. दोघंही मावतील अशा छिद्रातसुद्धा एक मागे पडतं. मला हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. अजूनही फळ्यावर मांडताना होतो.

आता प्रत्यक्ष काम. कोऱ्या पटलावर बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, म्हणून आधी नुसतं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून एकदा फिरवा. एकदा ओलं झालेलं पटल वाळू देऊ नका. मग द्रावण घाला आणि 4 अंश सेल्सियसला, फिल्टरच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत फिरवा. 15 मिलीच्या फिल्टरला मी 4000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 4000 पट जोर) वापरते, पण एका वेळी दहाच मिनिटं.

दहाच का? श्रीखंडासाठी दही टांगलं की सुरुवातीला पाणी धारेने गळतं, मग थेंब थेंब. फडक्याला आतून चक्क्याचा थर धरतो. तो चमच्याने हलवला की पुन्हा गळू लागतं. पटलावरही प्रथिनाचा असाच दाट थर साचतो. गळती मंदावते, आणि थरात गर्दी झाल्यामुळे प्रथिनं एकमेकांना चिकटून गाळ होतो. म्हणून दर दहा मिनिटांनी थांबून पिपेटने हलकेच वरखाली करा. टोक पटलाला लागू देऊ नका आणि फेस येऊ देऊ नका.

बफरकडे दुर्लक्ष नको. ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो, त्याच्या आसपास ते पटलावर सर्वांत जास्त बसतं. अल्ब्युमिनसाठी तो सुमारे 4.7. निदान एक एकक दूर राहा. मीठही महत्त्वाचं: 150 मिलिमोलर तीव्रतेच्या मिठात विद्युतभाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच विरतो, तर 1 मिलिमोलरमध्ये तो दहाएक नॅनोमीटरपर्यंत पोचतो. मग पटल आणि प्रथिन यांचा भार सारखा असला, तर छिद्राच्या तोंडाशीच प्रथिन मागे ढकललं जातं. एकच फिल्टर दोन बफरमध्ये वेगळा का वागला, याचं उत्तर बहुतेकदा इथे सापडतं.

बफर बदलायचा असेल तर आटवून दहापट नवा बफर घाला, असं तीनदा करा; जुनं मीठ हजारपट विरळ होतं.

आता बर्फातली खालची नळी काढा. तिच्यात प्रथिन उतरलंय का ते कळायला 280 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजा, तुलनेसाठी कोरं द्रावण म्हणून तोच बफर वापरा. मुलांना हे दाखवायला मी जीएफपी नावाचं हिरवं चमकणारं प्रथिन वापरते. त्याचं वजन 27 किलोडाल्टन. 10 च्या फिल्टरखाली पाणी नितळ राहतं, 30 च्या खाली फिकट हिरवं दिसतं. त्यानंतर कोणी खालची नळी सिंककडे नेत नाही.

वरचं द्रावण काढून घेतल्यावर पटलावर शंभर मायक्रोलिटर बफर सोडा, पाच मिनिटं थांबा, हलवून तेही काढून घ्या. पण ते मुख्य द्रावणात लगेच मिसळू नका, आधी त्याचंही शोषण मोजा.