मंडळाचा हिशेब आणि लिनक्सच्या परवानग्या

समजा, इंदूरच्या रामबागेतल्या एका गणेश मंडळाचा हिशेब संगणकावर ठेवायचा आहे. खजिनदार त्यात लिहिणार, कार्यकारिणी फक्त वाचणार, बाकीच्यांना तो दिसताही कामा नये. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली; तिचं ॲडमिन काम, म्हणजे खाती आणि परवानग्या सांभाळणं, शिकायला मी हाच सराव सुचवतो. आज्ञा पाठ करण्यापेक्षा कुणाला काय करू द्यायचं, हे ठरवता येणं महत्त्वाचं.

यंत्र जुनंच घ्या. सिल्व्हर मॉलमधला वापरलेला लॅपटॉपही चालेल. पेनड्राइव्हवरून डेबियन हा लिनक्सचा प्रकार टाका. पूर्ण डिस्क निवडली तर आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो-कागदपत्रं आधी दुसरीकडे ठेवा. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड मागेल, तो रिकामा सोडा. मग रूटचं लॉगिन बंद राहतं आणि तुमच्या खात्याला 'सुडो' मिळतं, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय. रोजचं काम साध्या खात्यातून करा, सुडो गरजेपुरताच.

आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, रोमन अक्षरांतच द्यायच्या. आधी 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी अपग्रेड'. पहिलीने फक्त पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरची, यादी ताजी होते; त्यांच्या नव्या आवृत्त्या दुसरीने बसतात.

आता 'सुडो ॲडग्रुप हिशेब' देऊन गट करा आणि 'सुडो ॲडयूजर'ने प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. कार्यकारिणीच्या सभासदाला गटात घालायचं ते 'सुडो यूजरमॉड -एजी हिशेब' आणि पुढे खात्याचं नाव असं. इथे घाई नको. यातला ए छोटा, जी मोठा. तो ए राहून गेला, तर माणूस आधीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर पडतो; स्वतःच्या खात्यावर हे झालं तर सुडोही जातं. गटातला बदल पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो.

'सुडो चाऊन' वापरून हिशेबाचं फोल्डर आणि फाइल खजिनदाराच्या मालकीची व हिशेब गटाची करा. मग फाइलच्या परवानग्या ठरवायला 'सुडो सीएचमॉड ६४०'. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १: मालकाला ४ अधिक २, गटाला ४, इतरांना शून्य. फोल्डरला २७५० द्या. फोल्डरमध्ये शिरायला तो १ लागतोच. आणि सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी नवी फाइल आपोआप हिशेब गटाची होते.

फाइल उघडत नाही म्हणून ७७७ देऊन मोकळं होऊ नका. त्याने यंत्रावरच्या कुणालाही हिशेब बदलता येतो, आणि खरी चूक तशीच राहते. 'एलएस -एल' देऊन मालक आणि गट वाचा, 'आयडी'पुढे खात्याचं नाव देऊन तो माणूस गटात आहे का ते पाहा.

शेवटी सभासदाच्या खात्यातून लॉगिन करून हिशेबात एक ओळ लिहून बघा. फाइल उघडली, पण साठवताना 'परमिशन डिनाइड' आलं, तर काम बरोबर झालं.