घरचं सीएनसी प्लाझ्मा टेबल: पैसा कुठे घालायचा, कुठे हात आखडायचा

डिप्लोमाची, आयटीआयची पोरं सीएनसी प्लाझ्मा टेबल, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने टॉर्च फिरवून पत्रा कापणारं टेबल, बनवायचं म्हणून विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रेल कुठली घेऊ आणि मोटर किती केजीची (किती ताकदीची) घेऊ? टॉर्चबद्दल, हवेबद्दल, अर्थिंगबद्दल कुणी विचारत नाही. बजेटचा मोठा तुकडा लिनिअर गाइड (म्हणजे ही रेल) आणि मोटरवर जातो आणि नेमक्या ज्या गोष्टींवर कट अवलंबून असतो, त्या उरलेल्या पैशात कशाबशा उरकल्या जातात.

प्लाझ्मा आणि राउटर यांची गल्लत झाली की असं होतं. राउटर म्हणजे फिरत्या कटरने माल कोरणारं मशीन. त्याचा कटर मालात घुसतो आणि माल त्याला मागे ढकलतो, म्हणून तिथे गॅन्ट्री, म्हणजे टेबलावरून सरकणारा आडवा पूल, दणकट लागते. प्लाझ्माची टॉर्च कापताना पत्र्याला टेकतसुद्धा नाही. आर्क धातू वितळवते आणि हवेचा झोत तो खाली उडवून देतो. गॅन्ट्रीवर कापण्याचा जोर जवळपास शून्य, जोर येतो तो तिच्या स्वतःच्याच वजनाचा, कोपऱ्यावर वेग कमी करून पुन्हा उचलताना. म्हणून गॅन्ट्री हलकी हवी. ॲल्युमिनियम प्रोफाइल किंवा पातळ भिंतीचा चौकोनी पाइप पुरतो. नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटरला १:३ बेल्ट रिडक्शन द्या (मोटरचे तीन फेरे, पिनियनचा एक) आणि पुढे मॉड्यूल १ ची रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, लावा. हिशोब एकदा वहीत मांडून बघा: रॅकवर फिरणाऱ्या २० दातांच्या पिनियनचा (छोट्या दातेरी चाकाचा) पिच व्यास २० मिमी, परीघ ६२.८३ मिमी. रिडक्शननंतर मोटरच्या एका फेऱ्यात गॅन्ट्री २०.९४ मिमी सरकते. मोटरचा ड्रायव्हर एका फेऱ्याला १६०० स्टेपवर असेल तर मिमीला सुमारे ७६.४ स्टेप. अर्ध्या मिलिमीटरची बात करणाऱ्या कामाला हे भरपूर झालं.

माप चार बाय चार फूट घ्या, पण एक बाजू उघडी ठेवा, म्हणजे आठ बाय चारची प्लेट अर्धी कापून पुढे सरकवता येते. सहा मिमीची अख्खी प्लेट १४० किलोच्या आसपास भरते, त्यामुळे टेबलाचे पाय मात्र कंजुषी न करता बनवा. पाण्याचा ट्रे लावणार असाल तर तेवढ्या मापात १० सेंमी पाणी म्हणजे आणखी दीडशे किलो. प्लेट ठेवायच्या फ्रेमवर गॅन्ट्रीची रेल वेल्ड करू नका. प्लेट आदळली की रेल हलते. काटकोन तपासायला गुण्या पुरत नाही, दोन्ही कर्ण टेपने मोजा, सुतासुताने जुळवा आणि मगच बोल्ट आवळा.

आता टॉर्च. स्वस्तातले कट-४० किंवा कट-५० इन्व्हर्टर घेताना एकच गोष्ट विचारायची: आर्क कशी सुरू होते? एचएफ स्टार्टच्या मशीनमध्ये टॉर्च पेटवायला हजारो व्होल्टची उच्च वारंवारितेची ठिणगी पडते आणि ती शेजारच्या सगळ्या वायरींमध्ये शिरते. होतं काय, ट्रिगर दाबला की यूएसबी तुटते, स्क्रीन गोठते, नाहीतर एखादी ॲक्सिस स्वतःहून धावते. ब्लोबॅक स्टार्टमध्ये हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड नोझलपासून मागे सरकतो आणि आर्क पेटते, एचएफ लागतच नाही. टेबलासाठी मशीन घेत असाल तर ब्लोबॅकच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ड्रायव्हर आणि कंट्रोलर सहज मिळतात, पण एचएफचा गोंधळ आवरणारं कार्ड कुणी विकत नाही.

तरीही वायरिंग नीट हवंच. टॉर्चची केबल आणि मोटरच्या केबली वेगळ्या वाटेने न्या. शिल्ड, म्हणजे केबलीतली धातूची जाळी, एकाच टोकाला, कंट्रोल पॅनलच्या बाजूला, अर्थ करा. टेबल, पॅनल आणि मशीनचे अर्थ एका बिंदूवर आणून तिथून जमिनीतल्या रॉडला जोडा. वर्क क्लॅम्प (मशीनचा परतीच्या तारेचा चिमटा) शक्यतो थेट प्लेटवर लावा. प्लेट ज्यावर टेकते त्या गंजक्या पट्ट्यांवर भरवसा ठेवलात तर आर्क मध्येच तुटते.

हवा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतून रोज किती पाणी निघतं, ते ड्रेन उघडून बघा. ते पाणी टॉर्चमध्ये गेलं की नोझल आणि इलेक्ट्रोड भराभर संपतात. इलेक्ट्रोडच्या टोकाला मध्यभागी हॅफ्नियमचा बारीक ठिपका असतो, आर्क तिथूनच निघते. त्याचा खड्डा दीड मिमीच्या पुढे गेला की इलेक्ट्रोड बदलायचा. हवा कोरडी आहे का, हे बघायचा साधा उपाय: आर्क न पेटवता नुसती हवा सोडा आणि नोझलखाली आरसा धरा. बारीक थेंब किंवा तेलकट धुकं दिसलं तर फिल्टर कमी पडतोय. हवा थंड व्हावी म्हणून कॉम्प्रेसर आणि फिल्टर यांच्यामध्ये लांब पाइप टाका. गरम हवेतलं पाणी फिल्टर अडवत नाही. ते पुढे जाऊन गार झाल्यावर टॉर्चमध्ये उतरतं.

उंचीचा विषय मात्र निवांत समजून घ्या, कारण नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा हाच विचारतात. उष्णतेने पत्रा वर उचलला जातो. टॉर्च दीड मिमीवर चालायची तर पत्रा चार मिमी उठलेला असतो. म्हणून टीएचसी, म्हणजे टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारा कंट्रोल. आर्क लांबली की व्होल्टेज वाढतं, आखूड झाली की घटतं, आणि ते बघून झेड ॲक्सिस खालीवर होते. पण कोपऱ्यावर गॅन्ट्रीचा वेग कमी होतो, कर्फ (कापाची फट) रुंदावतो आणि टॉर्च उंच नसतानाही व्होल्टेज वाढतं. टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेली, आणि तो ती प्लेटवर आपटतो. म्हणून वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की टीएचसी गोठवायचा. लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरच्या प्लाझ्मासीमध्ये ही सोय तयारच आहे, आर्डुइनोवर चालणाऱ्या नुसत्या जीआरबीएलमध्ये नाही. आर्कचं व्होल्टेज थेट आर्डुइनोला जोडायला जाऊ नका. आर्क पेटण्याआधी मशीन २०० व्होल्टच्या वर असतं, मध्ये आयसोलेशनसह डिव्हायडर हवाच. पियर्स, म्हणजे सुरुवातीचं आरपार भोक, कट उंचीपेक्षा वरून करा, साधारण दुप्पट ते अडीचपट, नाहीतर उडालेला धातूचा रस थेट नोझलवर बसतो.

प्रोग्रॅम करताना दिशा लक्षात ठेवा. हवा टॉर्चमध्ये गरगरत येते, त्यामुळे नेहमीच्या स्वर्ल रिंगने (हवेला गरगर देणाऱ्या कड्याने) पुढे जाताना उजवी कड सरळ येते, डावी तिरकी. म्हणून सरळ कड आपल्या तुकड्याकडे राहावी यासाठी बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापायची आणि आतली भोकं उलट दिशेने. छोट्या भोकांना वेग कमी करा, टीएचसी बंद ठेवा. प्लेटच्या जाडीहून लहान भोक प्लाझ्माने काढायचा हट्ट नको, तिथे सेंटर पंच मारून ड्रिल करा.

ट्रेमध्ये पाणी असताना ॲल्युमिनियम कापू नका. खाली साचलेल्या भुकटीतून हायड्रोजन निघतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा धूर ताप आणतो. डोळ्यांना ६० अँपिअरपर्यंत किमान ६ नंबरची काच हवी.

नोकरीचं म्हणाल, तर पातळ पत्र्याचं काम आता बरंचसं फायबर लेझरने नेलंय. प्लाझ्मा टिकून आहे तो जाड प्लेटमध्ये आणि ट्रॉली, गेट, ब्रॅकेट करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये. भोसरी-चाकणला मुलाखतीला जाताना टेबलाचा फोटो नेऊ नका, कापलेला तुकडा न्या: १०० मिमीचा चौकोन, मध्ये २५ मिमीचं भोक, सहा मिमीच्या प्लेटमध्ये. व्हर्नियर लावल्यावर माप काय आलं, कर्फची भरपाई किती दिली आणि खालचा बर (गोठून चिकटलेला धातू) कुठल्या बाजूला जास्त आलाय, एवढं पाठ असू द्या.